दवाखाना काढणारच!

ती. दादांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार. पत्र लिहिण्याचं कारण इतकंच, की फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही.

गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. मजेत कोणीही नाही. ही (म्हणजे तुमची बहीण, म्हणजे आमच्या वॉर्डाची उमेदवार) कालपासून स्वयंपाकघरात मटार सोलत बसली आहे. मटार संपले तरी उठत नाही. मतदान रविवारी आणि प्रचार बंद! याला सर्वस्वी तुम्ही जबाबदार आहात, हे मी अत्यंत आदराने कळवतो.

ही निवडणुकीला का उभी राहिली ते तुम्हाला ठाऊक आहे. नाक्यावरच्या दवाखान्यात तिने नर्स म्हणून उभा जन्म काढला. रेल्वेलाइनीपलीकडची माणसं तिथे यायची, आणि फाटक पडलं की तापाने फणफणलेली पोरं कडेवर घेऊन आया मालगाडी हलायची वाट बघत उभ्या. ते तिच्याच्याने बघवेना. म्हणून लाइनीपलीकडे दुसरा दवाखाना हवा, अलीकडचा आहे तसा राहील, एवढंच तिचं म्हणणं. यात न समजण्यासारखं काय आहे, सांगा बरं! ती दारोदार जाऊन हेच सांगत होती, लोक ऐकत होते, पाणी विचारत होते. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात तुमचा फोन आला.

साबणाच्या जाहिराती लिहिण्यात तुमची हयात गेली, त्यामुळे तुमच्यापुढे मी काय बोलणार? तुम्ही म्हणालात, सगळ्यांना एकच सांगणं हा अडाणीपणा आहे. म्हाताऱ्यांना काय जाईल ते सांगा, तरुणांना काय मिळेल ते सांगा, दुकानदारांना धंदा किती वाढेल ते सांगा. झालं! मी हिच्या नकळत तीन रंगांची पत्रकं छापली. म्हाताऱ्यांसाठी पिवळं: ‘जागे व्हा! आहे तेही हातचं जाईल!’ तरुणांसाठी हिरवं: ‘आता फाटकाशी ताटकळणं नाही!’ दुकानदारांसाठी गुलाबी: ‘दवाखाना आला की गर्दी आली, गर्दी आली की गिऱ्हाईक आलं!’ (हे वाचून आमच्या वाण्याने मला विचारलं, लोकांनी आजारी पडावं अशी ताईंची इच्छा आहे का?) आणि तिन्हींच्या खाली, जाड टाइपात, तुम्हीच सुचवलेलं वाक्य: ‘ताई दवाखाना काढणारच!’

दादा, आपल्या भाषेत दुकानही काढतात आणि दातही काढतात. हे तुमच्या लक्षात आलं नाही? (माझ्या आलं नाही, पण मी साधा मुद्रितशोधक. मी शुद्धलेखन बघतो. ‘काढणारच’मध्ये एकही चूक नव्हती.)

आमच्या गल्लीतल्या घड्याळवाल्यांच्या घरी तिन्ही पत्रकं पडली, कारण घरात तिन्ही प्रकारची माणसं. सगळे एकत्र जेवायला बसले आणि पत्रकं ताटाशेजारी आली. म्हाताऱ्याने आधी ‘हातचं जाईल’ वाचलं होतं, तेव्हा दवाखाना काढणार म्हणजे उचलून नेणार, असा त्याने अर्थ घेतला. सून म्हणाली, उघडणार. मुलाने दोन्ही जोडले आणि निष्कर्ष काढला, की इथला काढून तिथे काढणार, म्हणजे गर्दी पलीकडे आणि आपलं दुकान अलीकडे! तिघांचं असं वाजलं की बोलचाल बंद. आणि सकाळी तिघे, एकमेकांशी न बोलता, आमच्या दारात हजर!

दार हिने उघडलं. म्हाताऱ्याच्या हातात औषधांची पिशवी होती. त्याच्या पायाची जखम हिने वर्षभर बांधली आहे. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, “सिस्टर, तुम्हीच काढणार? मग मी पट्टी बांधायला जाऊ कुठे?” हिने तिन्ही पत्रकं ओळीने वाचली, माझ्याकडे वळली आणि एवढंच विचारलं, “यातली मी कोणती?” तेव्हापासून मटार.

मी स्वस्थ बसलो असं समजू नका. उरलेल्या पत्रकांवर पेनने ‘काढणारच’ खोडून ‘सुरू करणारच’ लिहिलं आणि वाटून आलो. तर गावभर बोंब झाली, की सुरू करणार म्हणजे दवाखाना सध्या बंद पडलाय! डॉक्टर दिवसभर एकटेच माश्या मारत बसले आणि संध्याकाळी मला शिव्या देऊन गेले. आणि समोरचा उमेदवार, तो रंगाच्या दुकानाचा मालक! त्याचं एकच पोस्टर: ‘मी आहे ना!’ त्याला काही अर्थच नाही, त्यामुळे कोणाची तक्रारही नाही. माझी नुसती चिडचिड होते, दादा.

असो. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगायचं नाही, असा मी कानाला खडा लावला आहे. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
मेहुणा

ता. क. पत्र मिळताच हिला फोन करा. ती तुमचंच ऐकते. मात्र ‘तू जिंकशील’ असं म्हणू नका, ती म्हणेल नको मला जिंकणं. ‘तू बसून राहिलीस तर रंगवाला येईल आणि फाटकावरच्या बाया तशाच ताटकळतील’ असं म्हणा. साठी उलटली आहे तिची, पिवळं पत्रक चालेल.

ता. ता. क. याच पाकिटात वहिनींना वेगळं पत्र आहे. त्यात प्रचार जोरात असून सभेला पाय ठेवायला जागा नसते, असं लिहिलं आहे. (भांडणाच्या घरी त्या रविवारी येणार नाहीत, आणि त्या नाहीत म्हणजे तुम्ही नाही.) दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचू नका.

आणखी एक. डिंक आणायला उठलो तेवढ्यात हिने दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. मला म्हणाली, “यातले तुम्ही कोणते?” मग चपला घातल्या आणि हातात एकही कागद न घेता फाटकाकडे गेली. आधी घड्याळवाल्यांकडे थांबून म्हाताऱ्याची पट्टी बदलली, असं आत्ताच त्यांची सून सांगून गेली. तेव्हा फोन आता नको. रविवारी मात्र या. वहिनींना काय सांगून आणायचं, ते तुमचं तुम्ही बघा.