नकाशातली कोरी जागा

सोमवार, २ मे
प्रज्ञा आली! लेकीची लेक, पुण्याची. चित्रं काढती. माणसांची न्हाई, नुस्त्या जमिनीची. दर साली अनोळखी मुलूख धुंडीत जाती म्हणं, औंदा आजीचं गाव सापडलं. मी म्हणलं, "बाई, हितं काय काढणार, फुफाटा?" तर हसली. दशम्या चार खाल्ल्या. आईवानीच खाती.
ही डायरी कारखान्याची. ह्यांचा शेअर होता, दर साली मिळायची. औंदा कारखाना बंद, ऊस छावणीत जनावरांनी खाल्ला, मग डायरी कुठली? जुनीतल्या तारखा खोडून लिहिते. साक्षरता वर्गात शिकलेलं, चुकलं तर चुकलं.

गुरुवार, ५ मे
धरण आटलंय. आमचं जुनं गाव गाळातनं वर आलंय. ते पाण्यात गेलं तवा प्रज्ञाची आई कडेवर होती.
पोरगी तिथं उभी राहून लहान लेकरावानी नाचली. "आजी, भाकरीच्या पापुद्र्यासारखी माती! असा रंग मी कुठेच पाहिला नाही." मला लई आनंद. आपली माती कुणाला आवडली म्हणल्यावर...
एक गोष्ट मात्र. धोंडिबा धनगराची शेरडं वरच्या अंगाला एका जागेला वळसा घालून जात्यात. सगळ्या मुलखात हिरवं तिथंच हाय. तरी तोंड लावीनात. कावून, कुणास ठाऊक.

रविवार, ८ मे
प्रज्ञा म्हणली, गाव कसं होतं ते काढून दे. मी चित्र काढायचं, ती बघायची! आमचं घर काढलं, लिंब काढला, बुद्धाचा विहार, खाली नदीकडं आमची इहीर. बजावलं, "इहिरीपाशी जाऊ नको. गाळानं भरलीया. वरनं पापुद्रा वाळतो, आत दलदल."
"अजून विहिरी होत्या?"
"एकच. सांगितली की."
"आणि वर, इकडे काय?"
"देवळं, पाटलाची घरं. तिकडं आपल्याला जाऊ देत न्हवते."
कागदाची वरली बाजू कोरीच ऱ्हायली. पोरगी बघत बसली त्या कोऱ्या जागेकडं. मग म्हणली, "तिथेच बसते मी. मधे हिरवा ठिपका आहे ना, तिथून सगळं दिसेल."
मी खुशीत म्हणलं, बस. आता कोण अडवतंय तुला?

मंगळवार, १० मे
टँकर न्हाई आला. हंडे दारातच.
चित्र बघितलं. सगळं राखाडी अन् मधे हिरवं. परवा एवढं न्हवतं. म्हणलं, वाढतंय का काय? "मी जवळ जातेय आजी. उद्या बरोबर मधे छत्री रोवणार."
आज धोंडिबा दिसला न्हाई. शेरडं पण न्हाईत. लई गप गप वाटतंय.

बुधवार, ११ मे, दुपार
सकाळी भाकरी बांधून दिली. पांढरी छत्री खांद्यावर, गाणं म्हणत गेली.
मग धोंडिबा आला, पाणी मागायला. त्याची गंमत सुरू, "मावशी, तुमच्या नातीला म्हणावं माझं पण काढ, नवरदेवावानी." मी म्हणलं, "जा की वर. हिरव्यात बसलीया."
पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला.
"हिरव्यात? आवं, तिथं थोरली इहीर हाय! गाव उठलं तवा कठड्याचे दगड लोकांनी गाड्यात घालून आणले. काल माझं करडू आत गेलं, आवाज सुदिक न्हाई आला."
"मला कोण सांगणार ते?"
"तुमाला म्हाईत न्हाई व्हय? अख्ख्या गावाचं पाणी..."
खाली बघाया लागला. मग माझ्या कोरड्या आडावरच्या रहाटाचा दोर काढून पळत सुटला.

फोन लागत न्हाई. धरणाच्या भिंतीवर येऊन बसलेय. डायरी हातातच आली. दुसरं काय करू, लिहिते. कोऱ्या जागेत आत्ता एक गोल काढला. एकच म्हणले होते मी. आमच्या लेखी एकच होती.
छत्री दिसती. बरोबर मधे. खाली कुणी हाय का, मोतीबिंदूच्या डोळ्याला ठरंना. धोंडिबा अजून अर्ध्या वाटेत.
हाका मारून घसा बसला.
छत्री आत्ता जरा कलली. वारा तर न्हाई.