एप्रिलच्या बैठकीतला कूलर

प्रिय काकाजी,

आज सकाळी काकूंचा फोन आला. येत्या रविवारी तुमच्या घरी बैठक आहे, तुमच्यामागे होणारी पहिलीच एप्रिलची बैठक, आणि गाणार मी आहे. चहाचं, बिछायतीचं बोलून झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "सुलभा, कूलरचं काय करू वं? चालू ठेवू का बंद करू?" मी संध्याकाळी सांगते म्हणाले आणि फोन ठेवला.

एवढ्याशा प्रश्नाला संध्याकाळपर्यंतचा वेळ कशाला लागतो? दुसऱ्या कुणालाही हसू येईल. तुम्हाला आलं नसतं, म्हणून तुम्हालाच लिहायला बसलेय. तुम्ही होतात तेव्हा एका वाक्यात सांगून मोकळं होता आलं असतं. तेव्हा मूग गिळून बसले, आणि आता वाचणारा माणूसच नाही तर पानं भरतेय.

काकूंनी फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली. ती आत्ताच लिहिली तर पुढचं काही लिहवणार नाही. ती मागाहून.

माझी पहिली बैठक आठवते तुम्हाला? मी चोवीस वर्षांची होते. तोवर लग्नाच्या स्वागतसमारंभांत नाहीतर गणपतीच्या मांडवांत गायलेली. तिथे लोक जेवत असतात, पोरं खुर्च्यांमधून पळत असतात, आणि गाणारीने माइक ओठाला लावून त्या सगळ्याच्या वर आवाज काढायचा असतो. अशाच एका लग्नात तुम्ही जेवणाचं ताट हातात घेऊन स्टेजपाशी आलात आणि म्हणालात, "आमच्या घरी येशीन का गायाले? एप्रिलमध्ये आमच्याकडं कोणीच येत नाही."

आमंत्रण द्यायची ही काय रीत होती हो? मला हसू आलं आणि मी हो म्हणून बसले. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तुमच्याकडे बैठक व्हायची, बाहेरगावचे गवई यायचे, पण नागपूरचा एप्रिल म्हटला की प्रत्येकाला काही ना काही काम निघायचं. तेव्हापासून तो महिना माझा झाला. फोनवरसुद्धा तुम्ही मला "एप्रिलवाली" म्हणायला लागलात.

नंदनवन वस्तीतलं तुमचं घर, पुढची एकच मोठी खोली. गांधीबागेच्या बाजारातल्या कापडाच्या दुकानात तुमचं आयुष्य गेलं, तिथून विणीत खोट निघालेली पांढरी थानं तुम्ही आणायचात आणि बैठकीला अंथरायचात. तीस माणसं बसली की मागच्याचे गुडघे पुढच्याच्या पाठीला लागायचे. पहिली रांग माझ्यापासून हातभर अंतरावर. स्टेजवर समोर अंधार असतो, कुणाला काय वाटतंय ते दिसत नाही. इथे कोण डोळे मिटून आहे, कोण घड्याळ बघतंय, सगळं दिसत होतं.

आणि तंबोरा लागल्यावर तुम्ही उठलात आणि खिडकीतला कूलर बंद केला. मग पंखाही. संध्याकाळचे पाच वाजले होते, बाहेर रस्ता तापलेला, आणि तीस माणसं कोंडलेली. मला वाटलं वीज गेली. पण एकानेही तक्रार केली नाही. रुमाल निघाले, पदर निघाले, आणि सगळे थांबले. "आता ऐकू येते," तुम्ही म्हणालात. "लाग."

त्या शांततेत मला माझा श्वास ऐकू आला. बोलण्याच्या आवाजात षड्ज लावला आणि तो मागच्या भिंतीपर्यंत गेला. गाण्यासाठी ओरडावं लागत नाही, हे मला चोविसाव्या वर्षी तुमच्या खोलीत कळलं. लोक घामाने भिजले होते आणि माझ्या एकेका सुरासाठी बसून होते. त्यांच्यासमोर खोटं कसं गाणार?

त्याच दिवशी बाबारावजी भेटले. नरखेडकडचे संत्र्याच्या बागेवाले, एसटीने येणारे, खांद्यावर दुपट्टा, कोपऱ्यातली जागा ठरलेली. टाळी वाजवायचे नाहीत. चहाच्या वेळी जवळ येऊन म्हणाले, "ताई, ते वरतं जाता जाता तुम्ही मधातच थांबल्या न, तेवढंच पुन्हा म्हणता का? मी त श्वासच घेतला नाही." मी खरं ते सांगितलं, की वरचा सूर लागेल की नाही याची भीती वाटली म्हणून थांबले. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "हो का? मंग असंच भेत जा." तुम्ही किती हसलात तेव्हा!

मोठ्या सभागृहात मला हे कुणी कधी म्हणालं नाही. तिथे "छान झालं" म्हणतात आणि पार्किंगकडे निघतात. तुमच्याकडे मी कुठल्या जागी घाबरले ते लोकांना कळायचं, आणि मला ते आवडायचं. बाहेरगावचे मोठे गवईसुद्धा तुमच्या खोलीत का यायचे, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आता जे लिहायचंय ते लिहिते.

दोन वर्षांपूर्वी माझा आवाज फाटायला लागला. आधी फक्त सकाळी, मग केव्हाही. तार षड्जावर गेले की अर्धा सूर आणि अर्धी हवा. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, स्वरतंतूंवर गाठी आहेत म्हणाले. तीन महिने पूर्ण मौन, नंतर हळूहळू गाणं, तेही घसा न ताणता. मी मान हलवली आणि त्याच आठवड्यात दोन कार्यक्रम केले. शिकवण्या चालू ठेवल्या. माझं गाणं गेलं तर मी कोण, हा प्रश्न मला मौनात बसून स्वतःला विचारायचा नव्हता.

स्टेजवर निभत होतं. पट्टी उतरवली, माइकवाल्याला आवाज जरा घुमवायला सांगितला, वरच्या जागा टाळल्या. टाळ्या पडत राहिल्या. कुणालाच कळत नाही म्हणून आधी बरं वाटलं. मग कुणालाच कळत नाही याचंच वाईट वाटायला लागलं.

आणि मग गेल्या वर्षीचा एप्रिल आला. तुमच्याकडे माइक नाही. तुमच्याकडे हातभर अंतरावर बाबारावजींसारखे कान. आठ दिवस मला झोप नव्हती. आजारी आहे म्हणून कळवायचं दोनदा ठरवलं. पण हट्टी बाई मी, आले. तंबोरा लागला, तुम्ही नेहमीसारखे उठलात, हात बटणाकडे गेला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काकाजी, राहू द्या. लोकांना फार उकडेल."

तुमचा हात तसाच राहिला. इतक्या वर्षांत त्या खोलीत उकडण्याचं नाव कुणी काढलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "राहू देऊ?" मी म्हटलं, राहू द्या. "बरं," म्हणालात आणि आपल्या जागी जाऊन बसलात.

कूलरच्या घरघरीत मी दीड तास गायले. जिथे आवाज फाटला तिथे कूलरने झाकला. लोकांना गार हवा लागत होती, चेहरे प्रसन्न होते, दादही मिळाली. फक्त कोपऱ्यात बाबारावजी कानामागे हात धरून बसले होते. दीड तास त्यांनी तो हात खाली घेतला नाही. जाताना मला म्हणाले, "आज हवा मस्त लागली, ताई." त्या भल्या माणसाने टोमणा मारला नव्हता. त्यांना जे मिळालं ते त्यांनी सांगितलं. एसटीने इतक्या दूर येऊन त्यांना माझ्याकडून हवा मिळाली.

तुम्ही फाटकापर्यंत आलात. "तब्येत सांभाळ वं," एवढंच बोललात. मला राग आला. खरंच आला. घरी येईपर्यंत मी तुमच्याशी मनात भांडत होते. कळलं असेल तर सरळ सांगा ना! दुकानात तुम्ही गिऱ्हाइकाला थान घेऊन रस्त्यावर न्यायचात, ट्यूबलाइटखाली कापड घेऊ नका म्हणायचात, आणि उजेडात त्यातली खोट स्वतःच्या बोटाने दाखवायचात. मालक कुरकुरायचा तरी दाखवायचात. मग माझ्या गळ्यातली खोट का नाही दाखवली? मी काय परकी होते?

नंतर तुमचे दोन फोन आले. "येऊन जा एकदा, गायाले नको येऊ, अशीच ये." मी कार्यक्रमांची नावं सांगितली. तिसऱ्यांदा तुम्ही फोन केला नाहीत. दिवाळी झाली आणि काकूंचाच फोन आला, तुम्ही गेल्याचा. सकाळी चहा घेता घेता गेलात. मी त्या दिवशीही तुमच्या खोलीत बसले होते, त्याच पांढऱ्या थानांवर, आणि कूलर गच्चीवर नेऊन ठेवला होता. मला खिडकीची रिकामी जागा बघवत नव्हती.

आता काकूंनी सकाळी सांगितलेली गोष्ट.

कूलरचा विषय निघाला म्हणून त्या बोलत सुटल्या. गेल्या वर्षीच्या बैठकीत तुम्ही मधेच उठून कूलरचं बटण फिरवून आला होतात, आठवतं का म्हणाल्या. मला आठवत होतं. गाणं चालू असताना तुम्ही कधी उठायचा नाहीत, म्हणून ते डोळ्यांत राहिलं होतं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला उकडत असेल. "उकडत नव्हतं वं त्यायले," काकू म्हणाल्या. "रात्री मी विचारलं, काहून वाढवला म्हणून. त म्हणाले, पोरीचा गळा दुखून राहिला. तिले झाकायचं आहे त झाकू दे एक दिवस. पुढच्या टायमाले मी बंदच करीन."



एवढी वर्षं ज्या माणसाने माझ्या एका एका सुरासाठी घाम गाळला, त्याने माझी लाज राखायला कूलर वाढवला. स्वतःला ऐकू येऊ नये म्हणून वाढवला. आणि पुढच्या वेळी बंद करणार होता. ती पुढची वेळ मीच येऊ दिली नाही. तुम्ही बोलावत होतात तेव्हा मी येऊन नुसती बसले असते तरी तुम्ही मला न बोलता उजेडात नेलं असतं. मी कुणाशी भांडत होते?

सकाळपासून आणखी एक गोष्ट छळतेय. कूलर माझा आवाज झाकत होता असं मी धरून चालले. पण त्या घरघरीच्या वर जायला मीच घसा ताणत होते. दुसऱ्या दिवशी माझा आवाज बसला, पंधरा दिवस उठला नाही. कूलर बंद असता तर मी बोलण्याच्या आवाजात गायले असते, पहिल्या दिवशी गायले तसं. त्या खोलीत तेवढ्यानं भागत होतं. हे मला तेव्हा का सुचलं नाही?

मला भीती वाटते, काकाजी. रविवारी आवाज फाटला तर त्या तीस जणांना कळेल, आठवडाभरात गावाला कळेल. शिकवणीला येणाऱ्या मुलींचे आईबाप काय म्हणतील, पुढचे कार्यक्रम राहतील की जातील, मला ठाऊक नाही. मौनाचे तीन महिने संपल्यावर गळा परत येईल याची हमी डॉक्टरही देत नाहीत. आणि समोर तुम्ही नसणार. मी चुकले तर चुकले आहे हे ज्याच्या चेहऱ्यावर वाचायचं, तो चेहराच नाही. तुमच्या जागी कोण बसेल? काकूंना सांगणार आहे, ती जागा बाबारावजींना द्या. कोपऱ्यात नको, अगदी पुढे.

तर शब्द देते. रविवारी तंबोरा लागला की कूलरचं बटण मी स्वतः उठून बंद करीन. मग लोकांना सांगीन की माझा आवाज बिघडलाय, गेल्या वर्षी तो मी तुमच्यापासून लपवला होता, आणि आज जेवढा आहे तेवढाच ऐका. वरचा सूर आला तर लावीन. नाही आला तर मधातच थांबेन, आणि ते थांबणं झाकणार नाही. सोमवारपासून तीन महिने तोंड बंद. त्यातला एकही दिवस चुकवणार नाही.

आत्ताच काकूंना फोन केला. म्हटलं, कूलर बंद.

"पाहा बाप्पा," त्या म्हणाल्या. "औंदा गरमी जास्त आहे. लोकायले लय उकडन."

म्हटलं, "उकडू द्या, काकू."

तुमची,
एप्रिलवाली सुलभा