चित्रातली नवरी

अब्बा, काल माझ्या मुलीने फोनवर एक व्यंगचित्र दाखवलं. कुठल्याशा परदेशी राजपुत्राच्या लग्नावरचं. "मम्मी, लुक ॲट हिज फेस!" म्हणून ती खिदळत होती. मला हसू आलं नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण पहिली आठवण तुमचीच आली, आणि रागही तुमचाच.

इथे आखातात, ऊद मेथाच्या शाळेत तुम्ही इतिहास शिकवायचात, पण तुमचा खरा वर्ग आपल्या स्वयंपाकघरात भरायचा. अम्मी तांदळाच्या भाकऱ्या थापतेय, मी कांदे सोलतेय, आणि तुम्ही जुन्या इंग्रजी व्यंगचित्रांचं जाडजूड पुस्तक उघडून बसलाय. कर्जात बुडालेला ढेरपोट्या राजपुत्र, परमुलखातून आणलेली राजकन्या, मागे मंत्री. "आधी मंत्र्याच्या हातात काय आहे ते बघ." हातात नकाशा. "आता बघ, प्रत्येकाच्या तोंडातून बोलण्याचा फुगा निघालाय. नवरीच्या?" नाही निघालेला, मी म्हणायची. "शाबास!" त्या एका शाबासकीसाठी मी जीव टाकायची.

मग भाईला शारजात गॅरेज काढायची हुक्की आली. औद्योगिक क्षेत्रात आपल्या रत्नागिरीकडच्या एका घराचं चालतं गॅरेज होतं, भागी द्यायची त्यांची तयारी होती, आणि त्यांचा एक मुलगा लग्नाचा होता. मला चित्रकला शिकायला जायचं होतं. तुम्ही मला विचारलं नाहीत, सांगितलंत. मंगनीच्या सकाळी मी एक चित्र काढून तुमच्यापुढे ठेवलं. नवरी मी, शेजारी गॅरेजची चावी घेतलेला भाई, आणि मागे मंत्री म्हणून तुम्ही, तुमच्या त्या नाकासकट. वाटलं, चिडाल, नाहीतर शरमाल. दोन्ही चाललं असतं. तुम्ही पोट धरधरून हसलात. "नाक झकास जमलंय! खलास, चल, चहा टाक, पाहुणे शारजाहून निघालेत." ते चित्र तुम्ही पाहुण्यांनाही दाखवलंत. माझे होणारे सासरेसुद्धा हसले. सगळे हसले आणि जेवायला बसले. माझं सगळं बोलणं त्या चित्रात होतं, अब्बा, आणि तुम्ही त्याची करमणूक केलीत.

निकाहच्या दिवशी तुम्ही साक्षीदारांना घेऊन माझी कबुली घ्यायला आलात. मी गप्प. मुद्दाम गप्प. तुमच्या बहिणीने, फुफीने, माझ्या डोक्यावर हात ठेवून ते जरासं खाली दाबलं आणि म्हणाली, "लाजतेय पोर. हो म्हणाली, हो!" मुलीची चुप्पी म्हणजे होकार, असं आपल्यात सगळेच धरून चालतात. त्यांना मी काय बोलू? पण नवरीच्या तोंडाकडे बघायला मला शिकवलं कोणी? तुम्ही माझ्याकडे नीट बघितलंत, मान डोलावलीत आणि बाहेर गेलात. ते मी माफ केलेलं नाही. तुमची मय्यत उचलली त्या दिवशीही नव्हतं केलं.

हा कागद मी आता फाडणार आहे. पाठवता आला असता, तरी पाठवला नसता. कारण एक गोष्ट तुम्ही हयात असताना मी दात आवळून लपवली, आणि अजूनही ती तुम्हाला कळू द्यायची नाही. तुम्ही आणलेला माणूस चांगला निघाला. माझा त्याच्यावर जीव आहे. कळलं असतं, तर तुम्ही त्याचंही श्रेय घेतलं असतंत.