आईनं परस्पर दिलेली माफी

मुसफ्फा, ७ जानेवारी २०२५

ती. करुणाताईस,
धाकट्या समाधानचा ख्रिस्तात सलाम, वि. वि.

तू फोनवर फोन करतेस आणि मी उचलत नाही म्हणून रुसू नकोस. उचलून करू काय? जबडा तारांनी आवळून बांधलाय, तोंडातून नुसतं घूं घूं निघतं. म्हणून कागदावर लिहितोय. खोलीतला किसन फोटो काढून तुला पाठवेल.

काय झालं ते एकदाच सांगतो, पुन्हा विचारू नकोस. इथं आखातात आमच्या वर्कशॉपमधला मिथुन, तो आपल्या शेजारच्या देवळालीचा वेल्डर, त्याची सुट्टी पुन्हा नामंजूर झाली आणि त्याचं डोकंच फिरलं. लोखंडी पाइप उचलून तो टाइमकीपर बदरुद्दीनला झोडपायला लागला. म्हातारा खाली पडला तरी थांबेना. बाकीचे लांबून बघत उभे. मी मधे पडलो. पहिला फटका जबड्यावर बसला. ओली फांदी मोडावी तसा आवाज मला आतून ऐकू आला आणि दात जिभेवर आले. दुसरा बसला डाव्या डोळ्यावर. तो डोळा गेला, ताई, डॉक्टरांनी काढून टाकला. आईला जबड्याचं सांग, डोळ्याचं सांगू नकोस.

इथल्या मंडळीचे पाळकसाहेब हॉस्पिटलात येऊन गेले. म्हणाले, या दुःखामागे देवाचा हेतू आहे, तू त्या म्हाताऱ्यासाठी क्रूस वाहिलास. तोंड उघडत असतं तर थुंकलो असतो. ज्याच्यासाठी वाहिला तो बदरुद्दीन एकदाही फिरकला नाही. मिथुन जेलमध्ये आहे. मी तनाजुल दिलं, म्हणजे माझी तक्रार सोडली असं कोर्टात लिहून दिलं, तर त्याची शिक्षा कमी होईल असं वकील म्हणतो. मी देणार नाही. खलास.

आईच्या गुडघ्याची गोळी चुकवू नकोस. आणि माझ्यावर माया करतेस तशी करत राहा.

तुझा समाधान


राहुरी, १४ जानेवारी

चि. समाधान यास अ. उ. आ.

अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच आहे तुझं, पण पत्र वाचून मी मोरीत जाऊन रडले. डोळ्याचं काही लपलं नाही बघ. आईनं माझ्या तोंडाकडे बघून सगळं काढून घेतलं. मग ती जेवेना, नुसती भिंतीकडे तोंड करून पडून.

रविवारी मात्र उठून उपासनेला आली. देवानं काय केलं ते सांगायची, साक्षीची वेळ झाली तशी उभी राहिली. मला वाटलं, तुझ्यासाठी प्रार्थना मागेल. तर मंडळीला सांगते काय, की माझ्या पोराचा डोळा फोडला, जबडा मोडला, आणि त्यानं खाटेवरूनच मारणाऱ्याला क्षमा केली, आपल्या प्रभूनं केली तशी. सगळी मंडळी हुंदके द्यायला लागली. मी पदर ओढत होते, पण तिचं लक्षच नाही. भर उपासनेत आईला खोटं पाडू का मी?

बातमी संध्याकाळपर्यंत देवळालीत पोचली. काल मिथुनची बायको रुपाली कडेवर पोर घेऊन आली आणि आईच्या पायांवर पडली. तुला देवमाणूस म्हणत होती. आईनं तिला जेवू घातलं.

तू माफ केलेलं नाहीस, मला ठाऊक आहे. पण आईचा शब्द गेलाय रे. कोर्टाची तारीख कधी आहे? रागावू नकोस, रागावलास तरी लिही.

तुझी करुणाताई


मुसफ्फा, १७ जानेवारी

ताईस सलाम.

डोळा कुणाचा गेला? जबडा कुणाचा मोडला? आणि माफी वाटतेय आई! माझ्या नावानं, मला न विचारता, वर वाहवा घेऊन! उद्या माझं लग्नही लावून टाका परस्पर.

खरं सांगू? मी डोळा मिटला की रोज तोच पाइप माझ्या हातात असतो. मिथुन खाली पडलेला असतो आणि मी मारत असतो. तोंडावर, गुडघ्यांवर, बोटांवर, एकेक बोट. रक्त उडतं ते माझ्या ओठांवर येतं आणि मला बरं वाटतं. जाग आली की तारांमागे दात खाऊन खाऊन हिरड्यांतून खरंच रक्त आलेलं असतं. हा तुमचा देवमाणूस.

आईला सांग, माफी उभं राहून दिलीस तशी उभं राहूनच परत घे. नाहीतर हीच चिठ्ठी मी स्वतः तुमच्या पाळकांना पाठवीन. तारीख १० फेब्रुवारी. मी जाणार आहे आणि नाही म्हणून येणार आहे.

समाधान


राहुरी, ३ फेब्रुवारी

चि. समाधान यास अ. उ. आ.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं, पाइपचं आणि बोटांचंसुद्धा. मधलं गाळणार होते, पण तिनं सगळं वाच म्हणून दटावलं. 

काल महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा. रुपालीही आली होती, मागच्या बाकावर. आई उभी राहिली. म्हणाली, मी तुमच्यापुढे आणि देवापुढे खोटं बोलले. माझ्या पोरानं माफ केलेलं नाही. मीही नाही. ही पोर माझ्या घरी भाकरी खात होती तेव्हा हिच्या नवऱ्याच्या डोळ्यांत चुलीतला निखारा खुपसावा असं माझ्या मनात येत होतं. समाध्याचा राग मला बघवेना म्हणून मी तो झाकून टाकला.

 मग भाकरीचं ताट फिरत आईपाशी आलं. तिनं घेतलं नाही, पुढे सरकवलं. प्यालाही सरकवला. माझ्या आठवणीत आईनं प्रभुभोजन कधी चुकवलेलं नाही, तापात फणफणत असतानाही नाही. पाळकसाहेब समजवायला आले, तर म्हणाली, पोरगं रागापायी बाहेर उभं असताना मी एकटी आत बसून जेवू कशी?

आणि उठून मागे रुपालीशेजारी जाऊन बसली. दोघी रडल्या. मी तुला आता काहीच सांगत नाही. तुला वाटेल ते कर, आम्ही तुझ्याच आहोत.

तुझी करुणाताई


मुसफ्फा, ११ फेब्रुवारी

ती. ताईस आणि ती. आईस सलाम, वि. वि.

तारा काढल्यात. भात गिळता येतो, फोनवर बोलताही येईल. पण हे बोलून जमणार नाही, म्हणून लिहितो.

पाळकसाहेब, किसन, आमच्या कामगार-वस्तीचा कॅम्प बॉस, ज्यानं त्यानं मला कारण सांगितलं, हे का झालं ते. आईनं मात्र काही सांगितलं नाही, माझ्याबरोबर उपाशी राहिली. ते वाचून मी अंगावर चादर ओढून पोरासारखा रडलो. प्रभूही आईसारखाच असेल का गं? मला हेतू अजून कळलेला नाही. पण मी एकटा नाही, हे पहिल्यांदा वाटलं.

काल कोर्टात दुभाष्याला सांगितलं की मी माफ केलेलं नाही, पण तनाजुल देतो. तो वैतागला, म्हणाला, एकच काहीतरी बोल. मी म्हणालो, दोन्ही खरं आहे, तू लिही. सही केली. निकाल अजून यायचाय.

बाहेर कॉरिडॉरमध्ये पोलीस मिथुनला घेऊन चालले होते. पार वाळलाय. मला बघून तो बेड्यांसकट खाली वाकला, माझे पाय धरायला. माझ्या पायांत कामावरचेच बूट होते, पुढे लोखंड असलेले. आणि ताई, माझा पाय उचलला गेला. नेम त्याच्या तोंडावर होता. जबडा कुठे मोडतो ते मला आता चांगलं माहीत आहे. पोलिसानंही पाहिलं, पण त्याला मधे पडायला वेळ मिळाला नसता.

मी पाय खाली ठेवला, त्याच्या हाताशेजारी. बळ कुठून आलं माहीत नाही, माझं एकट्याचं नव्हतं. त्याला उठवलं नाही, बोललोही नाही. बसपर्यंत चालत आलो.

आईला साक्ष द्यायचीच असेल तर एवढीच देऊ दे, एक शब्दही वाढवू नको म्हणावं. माझ्या पोरानं लाथ उचलली होती, ती खाली ठेवली.

मला तुम्हा दोघींच्या मायेत ठेवा.

समाधान