तुम्ही बोटीवर चढला नाहीत
बाबा, मी आता कायमचा नागपूरला परतलोय. बोटीवर नेमकं काय करायचास, असं लोक अजून विचारतात. वादळात बंद पडलेल्या जहाजाला दोर लावून ओढून आणायचो, असं सांगितलं की हसतात. एकटे तुम्हीच हसला नव्हतात. सावनेरचा कापूस बैलगाडीने वाहण्यात तुमचा जन्म गेला. नाल्यात कुणाची बंडी फसली की तुमचीच बैलजोडी धावायची. तुम्ही एकदम म्हणालात, "म्हंजे फसलेली बंडीच काढाची ना गा? मंग दाखव मले." त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस हवेत होतो.

श्रावणात तुम्ही मुंबईला आलात. नवं धोतर, काळी टोपी, सगळ्या खलाशांना पुरतील एवढ्या आईच्या दशम्या. पावसाळ्यात आमची बोट इंजिन गरम ठेवून बंदरात उभी असायची. बोलावणं आलं की जो बोटीवर असेल तो निघाला, उतरायला सवड नाही. तुम्ही शिडीवर पाय ठेवता आणि भोंगा होतो. बाहेर एक मालवाहू जहाज खडकाकडे वाहत चाललेलं असतं. मी दोरखंडापाशी, तिथूनच ओरडतो, "बाबा, वर नका येऊ! मांगं सरा, मांगं!"

"काहून गा?" तुम्ही विचारता. तोवर शिडी ओढलेली असते.

जहाज घेऊन परतलो तर तुम्ही नागपूरची गाडी धरली होती. दिवाळीत घरी आलो तेव्हा तुम्ही बोटीचं नावही काढलं नाहीत. मीही काही सांगितलं नाही. दुसऱ्याची बंडी काढायला जेवत्या ताटावरून उठणारा माणूस, त्याला काय समजावायचं, असं धरून चाललो. उलट तुमची हौस फिटली म्हणून मनात थोडा चिडलोच. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. तेराव्यानंतर आई म्हणाली, "त्याईले लागलं होतं रे ते. म्हनत, पोराले माह्या धोतराची लाज वाटली, वर चढू नाही देल्लं."

लाज नव्हती हो, बाबा. माझा बाप येतोय, त्याला कप्तानाशेजारी उभं करायचं, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तुम्ही मला एकदा विचारायचं तरी होतंत. शिव्या द्यायच्या होत्यात.

हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हालाच लिहून टाकतो. त्या दिवशी समुद्रावर गेल्यावर, तुम्ही मागे धक्क्यावर उभे आहात हे मी साफ विसरलो होतो. त्या जहाजाला दोर लावताना होतो इतका खुशीत मी आयुष्यात पुन्हा कधी नव्हतो.