पुष्कळ बोलणं

मंगळवार, ३
मासिकाच्या ‘शब्दार्थ’ सदराचा मजकूर शनिवारी द्यायचा. या वेळचा शब्द — ग्रीक ‘पॉलिलोगिया’. ‘पॉली’ म्हणजे पुष्कळ, ‘लोगिया’ म्हणजे बोलणं. नव्या करारात एकदाच येतो, प्रार्थनेच्या शिकवणीत : पुष्कळ बोललं की देव ऐकतो, असं समजणाऱ्यांबद्दल. सोपा आहे. तासाभरात होईल.
भाची वरच्या खोलीत. आज नववा दिवस. हात अजून प्लास्टरमध्ये. ती इथे आहे हे तिच्या नवऱ्याला कळता कामा नये. फक्त आम्हा दोघींना माहीत.

बुधवार, ४
चर्चमध्ये प्रार्थनासभा. पाळक म्हणाले, “कुणाची काही विनंती?” मी उठले. ‘संकटातल्या एका मुलीसाठी’ — एवढंच म्हणायचं ठरवलं होतं. पण सगळ्यांनी डोळे मिटलेले, खोली इतकी शांत! बोलत गेले. हात म्हणाले. नवरा म्हणाले. ‘माझ्या छपराखाली’ म्हणाले.
निवृत्त नर्सबाईंनी पाठीवर हात ठेवला. “भाची ना गं? आजच साखळीत घालते.” साखळी म्हणजे घरोघरी फोन, एकीने दुसरीला विनंती कळवायची. नको म्हणायला तोंड उघडलं. “आभारी आहे,” म्हणाले!

गुरुवार, ५
औषधवाला : “भाचीचा हात कसा आहे?”
याला मी कधी सांगितलं?

शुक्रवार, ६
नर्सबाईंना फोन केला. “अगं, फक्त चौघींना कळवलं. आणि तिच्या सासूला. बिचारी रोज रडते, तिच्यासाठीही प्रार्थना नको का?”
फोन ठेवला. दाराची कडी दोनदा तपासली.

शनिवार, ७
मजकूर दिला. शब्द मोजून काही होत नाही, असं लिहिलं; आपल्या बोलण्यानेच काम होतं ही समजूत म्हणजे पॉलिलोगिया. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरातही हा शब्द सापडला : बोलणं फार झालं की पाप चुकत नाही. हे वाक्य आधी खोडलं, मग परत घातलं.
संध्याकाळी भाचीला सांगायला वर गेले. तिनेच विचारलं, “मावशी, कुणाला बोलली नाहीस ना?”
मी खिडकीच्या बिजागरीबद्दल बोलले. भिंतीच्या ओलीबद्दल. संपादकांच्या तिरसटपणाबद्दल. अर्धा तास! ती नुसती माझ्याकडे बघत होती. उद्या सकाळी नक्की सांगेन.

रविवार, ८
खोली रिकामी. उशीवर चिठ्ठी, डाव्या हाताने लिहिलेली : “काल इतकं बोललीस, तेव्हाच कळलं. कुठे जाते ते लिहीत नाही. रागावू नकोस.”
दहाला बेल वाजली. दारात भाचीचा नवरा.
“कुठे आहे ती?”
“माहीत नाही.”
तो घरभर शोधून गेला.