पट्टीवर काय लिहिलं होतं

३० मार्च २००३, चौक

टपरीवरच्या टीव्हीत बगदाद जळत होतं. बॉम्ब पडला की मी रिक्षावाल्यांबरोबर ओरडत होतो, "हे बघ रॉकेट!" जशी दिवाळीच.

तेवढ्यात मार्थामावशी मासळीची टोपली घेऊन आली. तिचा मुलगा अँटन तिकडे बगदादलाच एका हॉटेलात आचारी आहे. धूर बघून मला म्हणाली, "तू शाळंत गेलायस ना रं? खाली पट्टीवर काय लिवलंय?"

पट्टी इंग्रजीत, आणि पळणारी. मला काही वाचता येईना. रिक्षावाले माझ्याकडेच बघत होते. मी ठोकून दिलं, "आपली सगळी माणसं बाहेर काढली, मावशी."

का बोललो असं? वाचता येत नाही, एवढंच सांगायचं होतं.

मावशी मटकन खाली बसली. "पाणी न्हाय, लाइट न्हाय, तळघरात झोपतोय बोलला. मंग फोनच बंद झाला रं." रडत रडत हसायला लागली.

ती पट्टी डोळ्यांसमोरून जात नाही. संध्याकाळी खरं सांगायला तिच्या घरी गेलो. ओटीवर शेजारणी जमलेल्या, अँटनची गादी झटकून ठेवलेली.

"यानंच बातमी वाचली!" मावशी म्हणाली. बायकांनी सरकून जागा केली.

मी बसलो. चहापण प्यायलो.